ज्यांचे सोंग घेतले, त्यांना विचारायला गेलेल्या विद्यार्थ्यांविषयी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या वार्षिक महोत्सवाच्या शुभंकरावर, म्हणजे मॅस्कॉटवर, तेथीलच पाच विद्यार्थ्यांनी केलेल्या २२ मिनिटांच्या माहितीपटाविषयी गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात दोन वाचकपत्रे प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संस्थेची बदनामी केली, असे एका पत्रलेखकाने म्हटले आहे. दुसऱ्या पत्रलेखिकेचे म्हणणे असे की, महोत्सवातील गमतीचे सोंग कोणी एवढे मनाला लावून घेऊ नये आणि परदेशातले वाद आपल्या दारात आणू नयेत. दोन्ही पत्रे सद्‍भावनेने लिहिलेली आहेत, याविषयी मला शंका नाही. मात्र दोघांपैकी कोणीही माहितीपट पाहिलेला नसावा, कारण तो अद्याप बाहेर कोठेही दाखवलेला नाही. या विद्यार्थ्यांना तृतीय वर्षाला माहितीपट-निर्मिती हा विषय मी शिकवते आणि विषय ठरवण्यापासून शेवटच्या संकलनापर्यंत मी त्यांच्याबरोबर होते. म्हणून जे घडले ते वाचकांपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. विद्यार्थ्यांनीही माहितीपटात ते कोठे येऊ दिलेले नाही.

हा शुभंकर म्हणजे काय, ते प्रथम सांगते. अंगाला काळा रंग फासलेला, कमरेला गोणपाटाचा घागरा, डोक्याला रंगीत पिसे, गळ्यात प्लास्टिकच्या हाडांची माळ आणि हातात भाला, अशा वेषातला एक विद्यार्थी महोत्सवाच्या पहिल्या दिवशी ढोल-ताशाच्या गजरात मिरवणुकीच्या पुढे नाचत निघतो, मध्येच थांबून काही निरर्थक आरोळ्या ठोकतो आणि जमलेली मुले त्या आरोळ्यांना तशाच आरोळ्यांनी साथ देतात. हेच चित्र टी-शर्टांवर आणि फलकांवर छापले जाते. गेली १२ वर्षे हे चालू आहे. त्या पात्राचे नाव एका आदिवासी जमातीच्या नावाची मोडतोड करून तयार केलेले आहे आणि ते मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही.

शुभंकर असावा की नसावा, हा वादाचा मुद्दा नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचा अप्पू हत्ती माझ्या पिढीने जिवापाड जपला आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला शेरा वाघ आजच्या मुलांना ठाऊक आहे. हत्तीला किंवा वाघाला विचारून त्याचे चित्र काढावे लागत नाही. माणसांच्या एखाद्या समूहाचे चित्र काढून ते दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी नाचवायचे असेल, तर मात्र त्यांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न उभा राहतो. या पाच जणांतील एका विद्यार्थिनीने पहिल्याच बैठकीत तो विचारला आणि माहितीपटाचा विषय तेथेच ठरला.

आता परदेशी वादाविषयी. विद्यार्थ्यांनी अमेरिकेतील विद्यापीठांचा इतिहास अभ्यासला, कारण मी तसे सुचवले होते. तेथे हा वाद ५० वर्षांहून जुना आहे आणि त्याची कागदपत्रे मुबलक उपलब्ध आहेत. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील संकुलात १९२६ पासून ‘चीफ इलिनीवेक’ नावाचे पात्र फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मैदानावर येऊन नाचत असे. ते पात्र एखादा विद्यार्थीच रंगवी, आणि तो मान मिळावा म्हणून विद्यार्थ्यांत चढाओढ असे. नाव घेतलेले होते इलिनी लोकांचे, ज्यांचे वंशज पिओरिया जमातीच्या रूपाने आज कित्येक मैल दूर ओक्लाहोमात राहतात. अंगावरचा वेष मात्र लाकोटा लोकांचा होता, म्हणजे मैदानी प्रदेशातल्या अगदी निराळ्या समाजाचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे कलाशाखेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या शार्लिन टीटर्स या स्पोकेन जमातीच्या विद्यार्थिनीने आपल्या दोन मुलांना सामना दाखवायला नेले आणि त्या पात्राचा नाच पाहून मुले कशी अवघडून बसली ते पाहिले. पुढे त्या हातात फलक घेऊन मैदानाबाहेर उभ्या राहू लागल्या. लोक त्यांना टाकून बोलले, पण त्या उभ्या राहिल्या. २००० मध्ये पिओरिया जमातीच्या परिषदेने हे पात्र बंद करावे अशी विनंती करणारा ठराव केला. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘चीफ’चा शेवटचा नाच झाला.

पण विद्यार्थ्यांना अधिक विचार करायला लावले ते दुसऱ्या दोन उदाहरणांनी. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, मूळ रहिवाशांना अपमानकारक ठरतील अशी नावे आणि शुभंकर वापरणाऱ्या १८ संस्थांवर आपल्या अंतिम स्पर्धांपुरते निर्बंध घातले. त्या यादीतून फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला थोड्याच दिवसांत सूट मिळाली, कारण फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने विद्यापीठाला आपले नाव वापरू देण्यास उघड पाठिंबा दिला होता. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या ‘फायटिंग सू’ या नावाबाबत तेथील सू लोकांच्या दोन जमातींची मते जुळली नाहीत. स्पिरिट लेक येथील लोकांनी २००९ मध्ये मतदान करून नाव ठेवण्याच्या बाजूने कौल दिला; स्टँडिंग रॉकच्या परिषदेने विरोध सोडला नाही. अखेर २०१२ मध्ये राज्यातील मतदारांनी ते नाव सोडण्यास मान्यता दिली आणि २०१५ मध्ये विद्यापीठाने नवे नाव घेतले. म्हणजे ज्यांचे नाव घेतले त्यांना विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येईल असे नाही, आणि ते एकमुखानेच येईल असेही नाही. विद्यार्थी हे समजून घेऊन येऊरच्या आदिवासी पाड्यावर गेले. ‘वाद आपल्या दारात आणला’ असे म्हणणाऱ्या पत्रलेखिकेला मी नम्रपणे सांगेन की, अमेरिकेतून आणली ती फक्त विचारण्याची पद्धत. विचारायचे होते ते ठाण्यातच, येऊरला.

आपल्या शहराला आदिवासी समाज दूरचा आहे, असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर तर अनेकांना वाटते की, वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आता तिकडचे झाले. प्रत्यक्षात ठाणे स्थानकावरून महापालिकेची बस येऊरला जाते आणि तिथे उतरले की पाडे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी तलासरीकडे जो लढा उभारला, तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच उभा राहिला होता. याच जिल्ह्यातल्या मुलांनी त्याच लोकांच्या नावाची मोडतोड करून मिरवणुकीत आरोळ्या ठोकाव्यात, याचे मला शिक्षिका म्हणून फार वाईट वाटते, आणि एवढी वर्षे ती मिरवणूक समोरून जाताना मीही काही बोलले नाही, याचे त्याहून अधिक वाटते.

पहिल्या दोन भेटींत विद्यार्थ्यांनी कॅमेरा नेला नाही. आमच्या विभागाचे संमतीपत्र इंग्रजीत छापलेले होते; त्यांनी ते साध्या मराठीत पुन्हा लिहिले, दिलेले चित्रीकरण नंतर मागे घेता येईल हे त्यात वेगळ्या ओळीत नमूद केले आणि प्रत्येकाला ते मोठ्याने वाचून दाखवले. तिसऱ्या भेटीत एका आजींना त्यांनी शुभंकराचे छायाचित्र मोबाईलवर दाखवले. हा प्रसंग माहितीपटात जसाच्या तसा आहे. आजी मोबाईल जवळ घेऊन बराच वेळ पाहतात, नातीला चष्मा आणायला सांगतात, पुन्हा पाहतात आणि विचारतात, “हा कुठला माणूस?” विद्यार्थिनी म्हणते, “आजी, हा तुमच्यातला म्हणून दाखवलाय.” आजी फोन परत देतात. “आमच्यात असा कोणी नाही,” एवढेच त्या म्हणतात आणि तांदूळ निवडायला घेतात.

इलिनॉयच्या मैदानावर नाव एकाचे आणि वेष दुसऱ्याचा होता. ठाण्यातल्या मिरवणुकीत तर वेष कोणाचाच नव्हता. तो जुन्या हिंदी चित्रपटांतल्या जंगलातल्या नाचांवरून उचललेला होता. वारल्यांचे जगणे खरेच दाखवायचे असते, तर ते पाहायला आपल्याकडे साधने कमी नाहीत. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रे देशोदेशी गेली. लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाणारा चौक आणि त्यातली पालघाट देवी ठाण्यातल्या कितीतरी दिवाणखान्यांत चौकटीत लावलेली दिसते. तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे आपण कापडी पिशव्यांवर छापतो. एवढे सारे माहीत असूनही सोंग करायची वेळ आली तेव्हा भाला आणि हाडेच सुचली.

पाड्यावरचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचे नातेवाईक मोखाड्याकडे आहेत, सोंगाविषयी फार वेगळे बोलले. त्यांच्याकडे बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या पारंपरिक उत्सवाला, देवांची सोंगे निघतात. सोंग नाचवणाऱ्याने काय पाळायचे, मुखवटा कसा हाताळायचा, याचे रिवाज ते सांगत होते. सोंग घेणे त्यांना मुळीच वावगे वाटत नव्हते. ते कोणाचे घेतले आणि कशासाठी घेतले, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. त्याच पाड्यावरच्या दोन तरुणांना मात्र मिरवणूक गमतीची वाटली आणि त्यांनी हसत हसत तसे कॅमेऱ्यासमोर सांगितले. विद्यार्थ्यांनी तेही ठेवले आहे. बदनामीच करायची असती तर ते काढून टाकणे सर्वांत सोपे होते.

चित्रीकरणातल्या चुकांविषयीही सांगितले पाहिजे, कारण माहितीपटाची खरी कसोटी माझ्या मते तेथे लागली. पाड्यावरचे पहिल्या दिवसाचे चित्रीकरण त्यांनी मला दाखवले, तेव्हा त्यात कुडाच्या भिंती, चूल, कोंबड्या आणि झाडाखाली बसलेली उघडी मुले होती. डिश अँटेना, दारातली मोटारसायकल, पाण्याची प्लास्टिकची टाकी, सोसायटीच्या बागेत कामाला निघालेला गणवेशातला माळी यांतले काहीही नव्हते. मी विचारले, हे सारे तिथे नव्हते का? होते, चौकटीत येऊ नये म्हणून त्यांनी कॅमेरा वळवला होता. “ते असलं की पाडा वाटत नाही,” एक जण म्हणाला, आणि म्हणता म्हणताच थांबला. गोणपाटाचा घागरा शिवणाऱ्याने जे केले होते, तेच त्यांचा कॅमेरा करीत होता. दुसऱ्या दिवशी ते परत गेले आणि पुन्हा चित्रीकरण केले. हे एक वाक्य आणि ती शांतता माहितीपटात नाही, पण मला ती २२ मिनिटांइतकीच मोलाची वाटते.

संकलनाच्या वेळी दुसरा पेच आला. १२ वर्षांपूर्वी हा शुभंकर ज्याने पहिल्यांदा साकारला तो माजी विद्यार्थी आज नोकरीत आहे. तो स्वतःहून मुलाखतीला तयार झाला. घागरा त्याच्या आईने रात्री जागून शिवला होता, भाला त्याने स्वतः तासला होता आणि त्या वर्षी त्याला सगळे महाविद्यालय ओळखू लागले होते. “कुणाला दुखवायचं आमच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही,” असे तो सांगतो; पुढे बराच वेळ तो त्या वर्षाविषयी आणि आताच्या आपल्या मनःस्थितीविषयी बोलतो. पहिल्या कच्च्या संकलनात त्याचे फक्त पहिले वाक्य ठेवून लगेच आजींचा चेहरा जोडलेला होता. ते परिणामकारक होते आणि अन्यायाचे होते. मी त्यांना ती मुलाखत पुन्हा पूर्ण ऐकायला लावली. आज माहितीपटात त्याची सलग चार मिनिटे आहेत, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या एकालाही तो माणूस खलनायक वाटलेला नाही.

सर्वांत कठीण गोष्ट शेवटी. त्याच महाविद्यालयात शिकणारा, पाड्यावर राहणारा एक विद्यार्थी त्यांना भेटला. पहिल्या वर्षी त्याचा पत्ता कळल्यावर वर्गातल्या काहींनी त्याला शुभंकराच्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली. तोही हसून ‘ओ’ देत असे. दोन वर्षे तो मिरवणुकीत सर्वांबरोबर आरोळ्या देत होता, कारण न देणारा एकटाच उठून दिसला असता. हे त्याने कॅमेऱ्यासमोर इतके सरळ सांगितले की, संकलनाच्या खोलीत कोणी काही बोलेना. माहितीपट सादर करायला आठवडा उरला असताना त्याने चित्रीकरण काढून टाकण्याची विनंती केली. त्याला अजून एक वर्ष तिथे शिकायचे होते. चेहरा झाकू, आवाज बदलू, असे पर्याय विद्यार्थ्यांनी सुचवले; त्याने नाही म्हटले. पाच जणांत त्या रात्री भांडण झाले. एकाचे म्हणणे होते की, हीच मुलाखत नसेल तर माहितीपटाला अर्थ काय? त्यांच्याच संमतीपत्रातली ती वेगळी ओळ दुसरीने वाचून दाखवली. मुलाखत काढली गेली आणि मूळ चित्रीकरण त्याच्यासमोर पुसले गेले. येथे जे लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवून, त्याच्या होकारानंतरच लिहिले आहे.

आता संस्थेच्या बदनामीविषयी. विद्यार्थ्यांनी संस्थेकडे आवारात चित्रीकरणाची परवानगी लेखी मागितली. नकार तोंडी मिळाला. नकार लेखी द्यावा, अशी विनंती त्यांनी केली. ती मान्य झाली नाही. महोत्सव समितीची जुनी इतिवृत्ते पाहू द्यावीत, हा शुभंकर कोणी आणि कोणत्या विचाराने ठरवला ते कळावे, अशीही विनंती होती. तिलाही उत्तर आले नाही. मग त्यांनी मिरवणूक रस्त्यावर आल्यावर, तलावपाळीच्या बाजूने, सार्वजनिक ठिकाणाहून चित्रित केली. प्राचार्यांसाठी किंवा समितीतल्या कोणासाठीही त्यांनी शेवटपर्यंत जागा राखून ठेवली होती, आणि संस्थेची बाजू मागितली पण मिळाली नाही, एवढेच एक निवेदन माहितीपटात आहे. संस्थेने कॅमेऱ्यासमोर येऊन ‘आम्हाला यात गैर वाटत नाही’ असे म्हटले असते, तरी ते पूर्ण दाखवले गेले असते. बंद दाराचे चित्र संस्थेला शोभत नसेल, तर दार उघडणे संस्थेच्याच हातात होते आणि आजही आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांच्या प्रमुखांना म्हणून माझी एक विनंती आहे. माध्यमशास्त्राच्या अभ्यासक्रमात आपण माहितीपट हा विषय ठेवतो, त्याला गुण देतो, कॅमेरे विकत घेतो. तेव्हा विद्यार्थी कॅमेरा घेऊन आपल्याच दारात आले तर त्यांना लेखी उत्तर मिळावे, मग ते होकाराचे असो वा नकाराचे, आणि महोत्सवाची जुनी कागदपत्रे त्यांना पाहायला मिळावीत. वर्षानुवर्षे आम्ही त्यांना दूरच्या गावातल्या पाणीटंचाईवर आणि अनोळखी वस्त्यांतल्या अडचणींवर माहितीपट करायला पाठवत आलो. त्यांनी स्वतःच्या प्रांगणाकडे पाहिले की आपण अस्वस्थ होतो, हे मला योग्य वाटत नाही. मुलांनाही माझे एवढेच सांगणे असते की, कॅमेरा संस्थेकडे वळवण्याआधी पाड्यावर जा, बसा, आणि पहिले दोन दिवस तो पिशवीतून काढू नका.

माहितीपटाचा पहिला खेळ महाविद्यालयात होणार नाही. पाड्यावरच्या समाजमंदिरात पांढरी चादर लावून तो होईल, असे विद्यार्थ्यांनी तिथल्या लोकांना कबूल केले आहे. प्रोजेक्टरची व्यवस्था झाली आहे आणि पावसाने उघडीप दिली की पुढच्या रविवारी ते जातील. कोणाला एखादे दृश्य नको वाटले तर ते काढण्यासाठी एक आठवडा राखून ठेवलेला आहे. त्यानंतर, आपल्या दैनिकात पत्र लिहिणाऱ्या दोन्ही वाचकांना तो पाहायचा असेल, तर विद्यार्थी त्यांच्या सोयीच्या ठिकाणी येऊन दाखवायला तयार आहेत, आणि पाहिल्यानंतर त्यांचे मत बदलले नाही तर ते मत याच सदरात वाचायला आम्हाला सर्वांना आवडेल.

आपली विश्वासू,
माहितीपट-निर्मिती विषयाची एक शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)